ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडणे

ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडणे म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात दुवा साधणारी ‘ड्रायव्हर’ ही आज्ञावली काम करता करता थांबणे, अथवा कार्डाकडून ठरावीक वेळेत प्रतिसाद न आल्यामुळे कार्यप्रणालीने ती नव्याने सुरू करणे. संगणकीय खेळ खेळताना हा दोष विशेषेकरून आढळतो. कारण संगणकाच्या इतर बहुतेक वापरांत ग्राफिक्स कार्डावर इतका मोठा आणि सलग भार पडत नाही. पडदा क्षणभर काळा होणे, चित्र गोठणे, खेळ अचानक मिटून डेस्कटॉप दिसणे किंवा निळा पडदा येणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

पडद्यावर येणाऱ्या सूचनेत बहुधा ड्रायव्हरचेच नाव असते. त्यामुळे दोषही ड्रायव्हरचाच, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ड्रायव्हर बंद पडणे हे लक्षण आहे, निदान नव्हे. अपुरा वीजपुरवठा, वाढलेली उष्णता, सदोष रॅम, अस्थिर प्रोसेसर, खेळातील चूक किंवा खुद्द ड्रायव्हरमधील चूक यांपैकी कशाचाही शेवट त्याच एका सूचनेत होऊ शकतो. कारण न शोधता केलेल्या उपायात वेळ जातो आणि पुष्कळदा गरज नसलेल्या नव्या कार्डावर पैसेही खर्च होतात.

पार्श्वभूमी

खेळातील एखादे दृश्य पडद्यावर येईपर्यंत ते अनेक थरांतून जाते. सर्वांत वर खेळ असतो. त्याखाली खेळ ज्यावर उभारला आहे ते इंजिन असते. उदाहरणार्थ, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने विकसित केलेला आणि २०२० मध्ये प्रकाशित झालेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ अनरियल इंजिन ४ वर तयार झाला आहे. इंजिन आपली मागणी डायरेक्टएक्स किंवा व्हल्कन यांसारख्या प्रमाणित आज्ञासंचाच्या भाषेत मांडते. ड्रायव्हर त्या मागणीचे रूपांतर विशिष्ट कार्डाला समजणाऱ्या आज्ञांत करतो. शेवटी कार्डावरील ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजेच जीपीयू, त्या आज्ञा पार पाडून चित्र तयार करतो.

यांतील कोणत्याही थरात बिघाड झाला तरी तो लक्षात येतो ड्रायव्हरच्या ठिकाणी, कारण कार्डाशी थेट बोलणारा थर तोच आहे. वर्गात गडबड झाली की मुख्याध्यापकांकडे वार्ता घेऊन जाणारा विद्यार्थीच दोषी ठरावा, तशी ड्रायव्हरची स्थिती होते.

कालमर्यादा आणि पुनर्प्राप्ती

विंडोज एक्सपीच्या काळात ग्राफिक्स प्रोसेसर अडकला, तर बहुतेक वेळा संपूर्ण संगणकच गोठत असे आणि तो बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून गत्यंतर नसे. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी रचना आणली. तिच्यात ‘टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी’, संक्षेपाने टीडीआर, ही सोय होती.

या सोयीनुसार कार्यप्रणाली ग्राफिक्स प्रोसेसरला दिलेल्या कामावर लक्ष ठेवते. दिलेले काम २ सेकंदांत पूर्ण झाले नाही आणि ते मध्येच थांबवताही आले नाही, तर प्रोसेसर अडकला आहे असे मानले जाते. मग कार्यप्रणाली ड्रायव्हर व कार्ड पुन्हा प्रारंभिक स्थितीत आणते. या क्षणी पडदा काळा होऊन परत उजळतो आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते व तो पूर्ववत झाला आहे’ अशा अर्थाची सूचना येते. चालू असलेला खेळ मात्र बहुधा वाचत नाही. त्याने कार्डाच्या स्मृतीत ठेवलेली सामग्री नष्ट झालेली असते.

असा प्रकार ६० सेकंदांत ५ वेळा होईपर्यंत विंडोज तो सहन करते. त्यापुढे, किंवा ड्रायव्हर पूर्ववत करण्याचा प्रयत्नच फसला तर, निळा पडदा येऊन संगणक थांबतो. त्या पडद्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ हे शब्द असतात. सोळाअंकी पद्धतीतील त्याचा संकेतांक ११६ हा आहे.

लक्षणे आणि नोंदी

निदानाची सुरुवात लक्षणे वेगळी करण्यापासून होते. दिसायला सारखे वाटणारे पुढील प्रकार मुळात भिन्न आहेत.

१. पडदा काळा होऊन परत येतो, संगणक चालू राहतो. हा टीडीआरचा ठरावीक प्रकार आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टिम’ विभागात ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. तिच्यात एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ किंवा एएमडीच्या ड्रायव्हरचे ‘एएमडीकेएमडीएजी’ यांसारखे नाव असते.

२. केवळ खेळ मिटतो, पडदा काळा होत नाही. ‘डिव्हाइस रिमूव्हड’, ‘डिव्हाइस हंग’ किंवा व्हल्कनवर आधारित खेळात ‘डिव्हाइस लॉस्ट’ असे शब्द आल्यास खेळाचा कार्डाशी असलेला संबंध तुटला, असा त्याचा अर्थ होतो. यांपैकी काहीच नसेल, तर चूक खेळातच असण्याचा संभव अधिक.

३. संगणक निळा पडदा न दाखवता क्षणात बंद होतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर’ या नावाची ४१ क्रमांकाची नोंद मिळते. संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती सांगते. अशा वेळी संशय आधी वीजपुरवठ्यावर घ्यावा. ड्रायव्हर बदलून येथे सहसा फरक पडत नाही.

४. चित्रात रंगीत ठिपके, चौकटी किंवा लांबलेले त्रिकोण दिसतात. ते संगणक सुरू होतानाच्या पहिल्या पडद्यावरही दिसत असतील, तर त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर अद्याप सुरूच झालेला नसतो. म्हणून दोष कार्डाच्या यंत्रभागात, त्यातही त्याच्या स्मृतीत असण्याची शक्यता फार मोठी असते.

लिनक्स कार्यप्रणालीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर आपल्या तक्रारी ‘एक्सआयडी’ या नावाने क्रमांकासह नोंदवतो. त्यांपैकी ७९ क्रमांकाची नोंद कार्डाचा मदरबोर्डाशी असलेला संपर्कच तुटल्याचे सांगते. वीज, उष्णता किंवा खाचेत नीट न बसलेले कार्ड ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हे साधन दिवसवार बिघाड आणि त्याच काळात झालेले बदल एकाच तक्त्यात दाखवते. बिघाड ज्या दिवशी सुरू झाला, त्याच्या आदल्या दिवशी कोणते अद्ययावतीकरण झाले होते, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

कारणे

ड्रायव्हरमधील दोष : नव्या आवृत्तीत चूक असणे, जुन्या आवृत्तीचे अवशेष शिल्लक राहणे, विंडोज अपडेटने परस्पर वेगळी आवृत्ती बसवणे किंवा नव्या खेळाला लागणारी सोय जुन्या आवृत्तीत नसणे, हे प्रकार यात येतात.

उष्णता : चिप ठरावीक मर्यादेपर्यंत तापली की कार्ड आपला वेग कमी करते. बहुतेक कार्डांत हे ८० ते ९० अंश सेल्सियसच्या टप्प्यात घडते. एएमडीच्या अलीकडच्या अनेक कार्डांत चिपवरील सर्वाधिक तप्त बिंदूसाठी ११० अंश ही मर्यादा कंपनीने दिली आहे. वेग कमी करूनही तापमान आटोक्यात आले नाही, अथवा कार्डावरील स्मृती किंवा वीजनियंत्रक भाग चिपहून अधिक तापले, तर कार्ड अडकते.

वीजपुरवठा : मदरबोर्डावरील खाच कार्डाला अधिकाधिक ७५ वॅट देते. त्यावरील गरज एसएमपीएसमधून येणाऱ्या स्वतंत्र तारांनी भागवली जाते; ६ पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट, तर ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. १२ व्होल्टच्या वाहिनीवरील दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहणे अपेक्षित असते. आधुनिक कार्डे क्षणार्धासाठी सरासरीच्या दुपटीपर्यंत वीज ओढू शकतात. म्हणूनच २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या २०० टक्के इतका क्षणिक भार सोसला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. जुना किंवा हलक्या प्रतीचा एसएमपीएस नेमक्या अशा क्षणी कमी पडतो.

ओव्हरक्लॉकिंग : कार्ड, प्रोसेसर किंवा रॅम नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालवणे. काही कार्डे कारखान्यातूनच वाढीव वेगाने येतात. रॅमचा ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ हा वाढीव वेगाचा संच सुरू असणे हेही यातच मोडते.

रॅम व प्रोसेसर : सदोष रॅममधून चुकीची माहिती कार्डाकडे गेली किंवा प्रोसेसरने ड्रायव्हरच्या आज्ञा चुकीच्या पार पाडल्या, तरी शेवटी बंद पडतो तो ग्राफिक्स ड्रायव्हरच.

उल्लेखनीय प्रसंग

विंडोज व्हिस्टाच्या जाहिरातीसंबंधी अमेरिकेत चाललेल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टचा अंतर्गत पत्रव्यवहार २००८ मध्ये उघड झाला. त्यात २००७ मधील एका कालखंडात व्हिस्टावर नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या, ९.३ टक्के एटीआयच्या आणि ८.८ टक्के इंटेलच्या ड्रायव्हरशी जोडलेले होते. कोणत्या कंपनीची किती कार्डे वापरात होती याचा हिशेब या आकड्यांत नाही. त्यामुळे त्यांवरून कंपन्यांची सरळ तुलना करता येत नाही. नवी ड्रायव्हर-रचना स्थिरावण्यास किती काळ जावा लागला, याची कल्पना मात्र त्यांवरून येते.

मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने आपली १९६.७५ ही आवृत्ती मागे घेतली. तिच्यामुळे काही कार्डांच्या पंख्यांचे नियंत्रण बिघडून कार्डे अतितप्त होत होती. ड्रायव्हरमधील चुकीने यंत्रभागालाच अपाय होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये जीफोर्स आरटीएक्स ३०८० हे कार्ड बाजारात आल्यावर काही दिवसांतच खेळ मिटत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कार्डामागील संधारित्रांच्या निवडीकडे प्रथम बोट दाखवले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या ४५६.५५ या ड्रायव्हर-आवृत्तीनंतर मात्र अनेकांचा त्रास थांबला.

याच्या नेमका उलट प्रसंग २०२४ मध्ये घडला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही उच्च क्षमतेचे प्रोसेसर वापरणाऱ्यांना अनरियल इंजिनवरील खेळांत ‘ग्राफिक्स स्मृती अपुरी आहे’ अशा अर्थाची सूचना येऊ लागली. कार्डावर भरपूर स्मृती मोकळी असतानाही ती येत असे. अनेकांनी ड्रायव्हर बदलले, काहींनी कार्डेही बदलली. अखेरीस दोष प्रोसेसरकडे जाणाऱ्या अवाजवी विद्युतदाबात आणि त्यामुळे प्रोसेसरच्या होणाऱ्या झिजेत असल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने मदरबोर्डाच्या बायोसमार्फत सुधारित सूक्ष्म-आज्ञावली उपलब्ध करून दिल्या आणि संबंधित प्रोसेसरांची हमी २ वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर मात्र त्या आज्ञावलीने पूर्ववत होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

निदानाची पद्धत

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर तोच खेळ, त्याच ठिकाणी, तितकाच वेळ चालवून पाहावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही. बदलाची तारीख, ड्रायव्हरची आवृत्ती, खोलीचे व कार्डाचे तापमान आणि बिघाड होईपर्यंतचा वेळ यांची वहीत नोंद ठेवावी. पायऱ्या फुकटाकडून खर्चिकाकडे जाव्यात.

१. व्याप्ती पाहावी. एकाच खेळात त्रास होत असेल, तर प्रथम त्या खेळाच्या फायली तपासून घ्याव्यात व त्याची तात्पुरती साठवलेली शेडर-सामग्री पुसावी. सर्वच खेळांत त्रास असेल, तर पुढे जावे.

२. वेग मूळ स्थितीत आणावा. कार्ड, प्रोसेसर आणि रॅम यांचे सर्व ओव्हरक्लॉकिंग बंद करावे. एनव्हिडियाच्या नियंत्रण-पटलातील ‘डीबग मोड’ कारखान्यातून वाढीव वेगाने आलेल्या कार्डालाही मूळ वेगावर आणतो. एवढ्याने त्रास थांबला, तर निदान जवळजवळ झालेच.

३. ड्रायव्हर बदलावा. अद्ययावतीकरणानंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या सोयीने मागील आवृत्तीवर जावे. अन्यथा कार्ड-निर्मात्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आवृत्ती उतरवून घ्यावी, इंटरनेट तात्पुरते तोडावे, सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर समूळ काढावा आणि मग नवा बसवावा. इंटरनेट तोडण्याचे कारण असे, की मधल्या काळात विंडोज अपडेट परस्पर दुसरीच आवृत्ती बसवते.

४. तापमान मोजावे. खेळ चालू असताना चिपचे, तप्त बिंदूचे आणि शक्य असल्यास स्मृतीचे तापमान पाहावे. कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून आणि समोर टेबलफॅन ठेवून तोच खेळ चालवावा. बिघाड थांबला किंवा उशिरा झाला, तर कारण उष्णतेत आहे.

५. कार्डाची वीजमर्यादा घटवून पाहावी. नियंत्रक साधनाने ती ७० ते ८० टक्क्यांवर आणावी. या मर्यादेत कार्ड स्थिर राहत असेल, तर संशय एसएमपीएस, जोडण्या किंवा खुद्द कार्ड या तिघांपुरता उरतो.

६. जोडण्या तपासाव्यात. संगणक बंद करून व प्लग काढून कार्ड खाचेतून काढावे, संपर्कपट्टी स्वच्छ करून ते पुन्हा घट्ट बसवावे. एकाच तारेला फुटलेल्या दोन फाट्यांऐवजी एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र तारा कार्डाला द्याव्यात. १६ पिनांची नवी जोडणी पूर्ण आत गेली आहे याची खात्री करावी. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० कार्डांच्या अशा जोडण्या वितळल्याच्या घटना समोर आल्या, त्यांत अर्धवट बसलेली जोडणी हे एक प्रमुख कारण आढळले.

७. रॅमची परीक्षा घ्यावी. मेमटेस्ट८६ हे साधन पेनड्राइव्हवरून चालवून किमान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. एकही चूक निघाली तरी रॅम सदोष अथवा तिचा वेग अवाजवी समजावा.

८. अदलाबदल करावी. परिचिताच्या संगणकात आपले कार्ड आणि आपल्या संगणकात परिचिताचे कार्ड लावून पाहणे ही सर्वांत निर्णायक कसोटी आहे. दोष कार्डाबरोबर गेला तर तो कार्डाचा. मागे राहिला तर संगणकाचा.

केवळ पडदा अडकला असेल, तर विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. हा इलाज तात्कालिक आहे. जतन न केलेले काम वाचवण्यापुरता त्याचा उपयोग होतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन २० ते २५ अंश तापमानाच्या खोल्या आणि स्थिर वीज गृहीत धरून लिहिलेले असते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर बराचसा प्रदेश कोरडा आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि नगर शहराजवळील विळद घाट येथे अभियांत्रिकी महाविद्यालये असल्याने ग्राफिक्स कार्ड असलेले संगणक विद्यार्थ्यांच्या खोल्यांतही पोहोचले आहेत. अशा ठिकाणी पुढील चार गोष्टींना निदानात अग्रक्रम द्यावा लागतो.

उन्हाळा : कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर रचले जाते. भार आणि पंख्याचा वेग तोच राहिल्यास खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी चिपही अधिक तापते. २५ अंशांच्या खोलीत ७२ अंशांवर चालणारे कार्ड एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या खोलीत ८७ अंशांच्या घरात जाते. पत्र्याच्या छपराखालील किंवा गच्चीलगतच्या खोलीत स्थिती आणखी बिकट होते. हिवाळ्यात निर्धोक चाललेला संगणक उन्हाळ्यात दुपारी अडकतो आणि रात्री सुरळीत चालतो, तेव्हा ड्रायव्हरकडे जाण्याआधी थर्मामीटरकडे पाहावे. चित्राचा तपशील आणि दर सेकंदाच्या चित्रांची संख्या मर्यादित करणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे.

धूळ : कोरड्या हवेतील बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसते. स्वयंपाकघरातील तेलकट वाफ किंवा उदबत्तीचा धूर मिसळला की तिचा चिकट थर होतो. दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअरने सफाई करावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने ते बेफाम फिरल्यास बेअरिंग खराब होऊ शकते. काही वर्षे वापरलेल्या कार्डाची थर्मल पेस्ट वाळलेली असल्यास ती बदलावी, परंतु त्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात.

वीज व यूपीएस : घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असला, तरी भार वाढलेल्या वेळी तो खाली येतो. घराघरांत आढळणारे ६०० व्हीए क्षमतेचे यूपीएस बहुधा ३६० वॅटच भार उचलू शकतात. हिशेब असा : कार्ड २२० वॅट, प्रोसेसर १०० वॅट आणि उर्वरित भाग ५० वॅट मिळून ३७० वॅट होतात. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर तो यूपीएसकडून सुमारे ४३५ वॅट मागतो; मॉनिटर वेगळाच. वीज असेपर्यंत हे कसेबसे निभावते. ती जाताच यूपीएस हात टेकतो आणि संगणक बंद पडतो. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. शिवाय स्वस्त यूपीएस शुद्ध साइन लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात; काही एसएमपीएसना ती मानवत नाही. निदानासाठी एकदा यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा.

अर्थिंग : कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले किंवा कमजोर आहे. मीठ-कोळशाच्या पारंपरिक अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल उन्हाळ्यात आटते आणि त्याचा रोध वाढतो; तेथे वेळोवेळी पाणी घालावे लागते. सदोष अर्थिंगमुळे मॉनिटर व यूएसबी साधनांच्या जोडणीत अडथळे येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते माणसाच्या जिवाला धोकादायक आहे. खेळ नंतर, अर्थिंग आधी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

जुनी कार्डे

इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर होणारे उत्खनन सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले आणि त्यासाठी राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतून किंवा इंटरनेटवरून घेतलेले जुने कार्ड अशा वापरातून आलेले असू शकते. त्याची चिप शाबूत असली, तरी पंखे आणि स्मृतीलगतचे उष्णतावाहक पॅड झिजलेले असण्याचा संभव असतो. विकत घेण्यापूर्वी किमान अर्धा तास जड खेळ चालवून तापमान पाहावे. कार्डाची पिढीही तपासावी. एनव्हिडियाच्या केप्लर रचनेच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर काढणे २०२१ मध्ये थांबले आहे. असे कार्ड नव्या खेळात अडकत असेल, तर त्यावर ड्रायव्हरचा इलाज उरलेला नाही.

हमी आणि ग्राहकाचे हक्क

निदान करताना ठेवलेली वही हमीचा दावा करताना उपयोगी पडते. ‘गेम बंद पडतो’ एवढ्या तक्रारीवर सेवाकेंद्राकडून ‘ड्रायव्हर नव्याने टाका’ असे उत्तर मिळणे स्वाभाविक आहे. ‘ओव्हरक्लॉकिंग बंद, दोन आवृत्त्यांवर तपासले, तापमान ७० अंश, दुसऱ्या संगणकातही तोच दोष’ अशी लेखी नोंद आणि बिघाडाचे मोबाइलवरील चित्रण सोबत असेल, तर दोष यंत्रभागात आहे हे दाखवता येते. तालुक्याच्या गावातून कार्ड पुण्या-मुंबईला पाठवावे लागते आणि दुरुस्तीत आठवडे जातात; म्हणून पाठवण्यापूर्वी दोष कार्डाचाच आहे याची खात्री झालेली बरी. बिल, खोका आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे.

वैध हमी असूनही ती नाकारली गेल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दुसऱ्या शहरातील असला तरीही हा हक्क अबाधित राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.

सामान्य गैरसमज

‘सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला’ हा समज सरसकट खरा नाही. सुरक्षेच्या दृष्टीने अद्ययावत राहणे योग्य असले, तरी जुन्या कार्डावर एखादी मागील आवृत्ती अधिक स्थिर असू शकते.

‘टीडीआरची कालमर्यादा वाढवली की दोष जातो’ असे सांगितले जाते. विंडोजच्या रजिस्ट्रीत २ सेकंदांची मर्यादा वाढवता येते. परंतु ही सोय चाचणीसाठी असल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. दीर्घ गणनांच्या कामात तिचा उपयोग होतो. खेळाच्या बाबतीत मात्र अडकलेले कार्ड दोनऐवजी दहा सेकंद अडकून राहते, इतकाच फरक पडतो. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखाच हा प्रकार आहे.

‘ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी साधने वापरावीत’ हा सल्लाही टाळावा. अशी अनेक साधने चुकीची आवृत्ती किंवा नको असलेल्या आज्ञावली सोबत आणतात. एनव्हिडिया, एएमडी व इंटेल या तिन्ही कंपन्या आपले ड्रायव्हर विनामूल्य देतात. लॅपटॉपच्या बाबतीत लॅपटॉप-निर्मात्याने दिलेली आवृत्ती प्रथम वापरून पाहावी.

हे सुद्धा पहा

ग्राफिक्स कार्ड
कार्यप्रणाली
मदरबोर्ड
अखंडित वीजपुरवठा
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९